उत्तरेला गेले की थंडी असते, असे मुलांना सांगू नये

पहिली-दुसरीच्या मुलांना हवामान कसे शिकवावे, याविषयीचा एक संदेश सध्या पालकांच्या गटांमध्ये फिरतो आहे. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते, उत्तरेकडे जावे तसा गारवा वाढतो आणि या वयात महिने व ऋतू पाठ करून घेणे पुरेसे असून तापमापकाची गरज नाही, असे त्यात म्हटले आहे. याच वयाच्या मुलांना शिकवत असल्याने मला हे तिन्ही मुद्दे खोडून काढणे आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा सरळ चूक आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडे शेकोट्या पेटलेल्या असताना. ऋतू बदलतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. हे पुढे शिकता येईल. तोवर थंडीत दुपारची सावली लांब पडते आणि उन्हाळ्यात ती पायाशी येते, एवढे अंगणात दाखवावे.

दुसऱ्या मुद्द्याने अधिक नुकसान होते. नागपूर मुंबईच्या उत्तरेला आहे. तरीही मे महिन्यात मुंबईचा पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा नागपुरात तो ४२-४३ पर्यंत चढतो. याचे मोठे कारण समुद्र आहे, आणि ते मुलांच्या बोटांना समजते. मी एका वाटीत कोरडी माती आणि दुसरीत पाणी घालून दोन्ही वाट्या उन्हात ठेवते. अर्ध्या तासाने मातीला बोट लावणारे मूल चटकन हात मागे घेते, पाणी मात्र जेमतेम कोमट झालेले असते. हवा कोरडी असल्यामुळे विदर्भात कूलर गारवा देतो आणि दमट कोकणात तो निरुपयोगी ठरतो, हेही मुलांना घरच्या अनुभवातून ठाऊक असते. शिवाय उंची आणि डोंगर आहेतच: एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात ५०० च्या आसपास.

घोकलेले महिनेही सर्वत्र लागू पडत नाहीत. चेन्नईचा मुख्य पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, आणि आपल्याकडे ‘हिवाळ्या’तला ऑक्टोबर घामाने निथळायला लावतो. तापमापकाविषयी एवढेच म्हणेन, की दुसरीतल्या मुलाला ३३ पेक्षा ४३ मोठे हे कळते. आमच्या फळ्यावर रोज दुपारी बाराचे तापमान लिहिले जाते, आणि ज्यांचे आजोळ दूर आहे ती मुले फोनवर विचारून तिथला आकडा शेजारी लिहितात.