गाव कळलं, पण तळात काय आहे?

कोल्हापुरी चप्पल महाराष्ट्राची की कर्नाटकाची, हा बेळगाव-निपाणीकडचा वाद इथे जर्मनीतही पोचतो. 2025च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानला तशाच धाटणीच्या चपला दाखवल्या, तेव्हा तर त्याला ऊतच आला. वास्तविक जीआय, म्हणजे माल कुठल्या भागातला ते सांगणारं भौगोलिक मानांकन, 2019 मध्ये दोन्ही राज्यांना मिळून मिळालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे जिल्हे तिकडचे, महाराष्ट्रातले. बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर आपले, कर्नाटकातले. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत शिवलेला जोडही हक्काने कोल्हापुरीच.

जीआयने गाव कळतं. हातातल्या जोडाच्या तळात काय भरलंय, ते मात्र गिऱ्हाइकाला कळत नाही. अस्सल जोडाचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, तळाचे थर चामड्याचे, शिवण चामड्याच्या वादीची. नकलेत मधे पुठ्ठा, वर रेक्झिन. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. पुठ्ठा ओला झाला की फुगतो आणि तळ सुटतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफने 1970 मध्ये जुन्या मोटारींवरून हेच दाखवलं: फरक दिसत नसेल तर गिऱ्हाईक सरासरी भाव देतं, त्या भावात चांगला माल परवडत नाही, आणि तो बाजारातून उठतो.

युरोपीय संघात 1994च्या निर्देशानुसार प्रत्येक जोडावर तीन भागांचं साहित्य दाखवावं लागतं: वरचा भाग, अस्तर व आतला तळ, बाहेरचा तळ. कातड्याच्या आकाराची खूण म्हणजे चामडं, जाळी म्हणजे कापड. त्या भागात जे किमान 80 टक्के आहे, ते दाखवायचं. हे उत्पादकच जाहीर करतो, त्यामुळे खर्च फारसा नाही. पण मधला थर हे लेबल विचारत नाही, आणि आपली लबाडी नेमकी तिथेच आहे. म्हणून आपल्याला चौथा रकाना हवा: मधला थर. कमावण्याची पद्धतही त्यात यावी.

नुसतं छापून भागणार नाही, नकलवालाही तेच छापेल. बाजारातून अधूनमधून जोड उचलावा, तळ कापून बघावा. पुठ्ठा लगेच दिसतो. चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी असेल तर साल-हिरड्याचं. मधे निळसर करडी पट्टी असेल तर बहुधा क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. खोटं निघालं तर दंड हवा.

जीआय लिडकॉम (महाराष्ट्राचं) आणि लिडकर (कर्नाटकाचं) या दोन्ही चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. त्यांनी मिळून मराठी-कन्नड असा एकच टॅग ठरवावा, आणि तो अथणी-निपाणीतच, माल व्यापाऱ्याच्या गाडीत चढण्याआधी जोडाला बांधावा. कोल्हापूरच्या दुकानात बांधला, तर वाढीव भाव शिवणाऱ्यापर्यंत पोचणार नाही.