दीड हजारात कोण घरी बसतं?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका वर्गमित्राने लिहिलं, 'लाडकी बहीणचे दीड हजार सुरू झाले आणि सोलापुरात बायका कामाला मिळेनाशा झाल्या.' खाली अंगठ्यांची रांग. तीन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही.

कुठल्या सोलापूरबद्दल बोलतोयस रे? पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत रिकामी बसलेली बाई मी पाहिलेली नाही. आई भिजवलेली तेंदूची पानं कात्रीने एका मापात कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान वळून दोरा बांधताना तिची नजर चुलीवरच्या भातावर असायची. हजार विड्या झाल्या की विडी कारखान्याच्या ब्रँचला. तिथला माणूस मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. घरी विडी वळणारीलाही १९६६च्या कायद्याने कामगार म्हटलं होतं. आम्ही गरीब होतो ते आई काम करत नव्हती म्हणून नाही, कामाला दाम नव्हता म्हणून. दर हजारी मजुरी किती, हे ग्रुपवर कुणी विचारलं?

इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये, २०२५ साली मुलामागे महिन्याला २५५ युरो किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता, मिळत होतं. त्यावरून आयांना आळशी ठरवलेलं मी ऐकलं नाही. आणि याच देशाच्या पश्चिम भागात १९७७पर्यंत कायदाच होता, लग्न झालेल्या बाईने संसार सांभाळून जमेल तेवढीच नोकरी करावी. त्याच्या वीस वर्षं आधी माझी आजी जुन्या मिलमध्ये पाळीला जात होती. कुणी कुणाला शिकवायचं?

पण खरं लिहायचं तर पुढचंही लिहायला हवं. किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, मुलासाठी जागा मिळाली नाही, तेव्हापासून मी आठवड्याला वीस तासच काम करते, श्टॉयरक्लासे पाचमध्ये, म्हणजे जोडप्यातल्या कमी कमावणाऱ्याच्या पगारातून जास्त कर कापणाऱ्या करवर्गात. नवरा चांगला आहे. तरी मोठी खरेदी असली की मी आधी त्याला विचारते. आईने कधी कुणाला विचारलं नाही. तिचे पैसे तांदळाच्या डब्यात असायचे, माझी कॉलेजची पहिली फी त्यातूनच निघाली.

ज्याने ते वाक्य लिहिलं, त्याची आई आमच्याच ओसरीवर विड्या वळायची. गेल्या दिवाळीत गेले तेव्हा त्याच मावशीने दीड हजारातून आणलेल्या खणाने माझी ओटी भरली. म्हणाली, "तिकडं तुझं पैसं तुझ्याच हातात असत्यात न्हवं?"

मी हो म्हणाले.