फेसाची साक्ष

"प्रभू, आमच्या त्या एका भावाला पेल्याच्या बंधनातून सोडव," अशी प्रार्थना चर्चच्या बुधवारच्या सभेत झाली. नाव घेतलं नाही. मिशीवाला, बँकेत नोकरीला, दसरा चौकाच्या मागं राहणारा, एवढंच सांगितलं. सगळ्यांनी मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावर दूध पीत होतो, हो! समोर म्हैस, समोरच धार, फेसानं काठोकाठ भरलेला पेला उभ्यानंच रिचवायचा. तालमीतल्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळं गाव तिथं असतं. पण ती प्रार्थना करणाऱ्या मावशी केएमटीच्या बसमधनं चाललेल्या आणि त्यांना खिडकीतनं नेमका फेस दिसला.

त्यांना चर्चच्या आवारातच गाठलं.

"मावशी, ते दूध होतं."

"मी कुठं म्हटलं काय हुतं? मी फेस बघितला."

"दुधाला फेस येतोच की!"

"येतोय. पण तू डोळं मिटून पीत हुतास. मांजर मिटतंय डोळं दूध पिताना. माणूस न्हाई."

"म्हणजे दूधच होतं म्हणताय न्हवं?"

मावशी अडखळल्या. "शब्दात धरू नगंस लेकरा. सैतान बी असाच वाद घालतोय."

"अहो, शेजारी म्हैस उभी होती!"

"मग? ती साक्ष देणार हाय व्हय?"

"बायबलात बलाम संदेष्ट्याची गाढवी बोलली होती."

"ती बायबलातली. गंगावेशीतली न्हवं." आणि वर, "आपण कोण बाबा न्याय करणारे? दुसऱ्याचा न्याय करू नका, मत्तय सात-एक."

हे वचन आमच्याकडं सगळ्यांना पाठ, पण ते आठवतं निकाल लागल्यावर. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातच येशू सांगतो, वरवर बघून न्याय करू नका, यथार्थ करा. म्हणजे आधी चौकशी आली. मोशेच्या नियमशास्त्राला दोन-तीन साक्षीदार लागतात. इथं एकच, तोही चालत्या बसमधला. त्याच सातव्यात निकदेम नावाचा यहुदी पुढारी येशूबद्दल विचारतो, माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवायचं का? तर त्यालाच उलट विचारतात, तूही त्याच्यासारखा गालीलचाच काय? माझ्या बाजूनंही चर्चमधले एक वडीलधारे बोलले. त्यांनाही उलट प्रश्न, "तुम्ही बी तिथं हुता व्हय?" होते. गप्प बसले.

चहाडी केली तर पाप. तीच डोळे मिटून, शेवटी आमेन लावून केली की मध्यस्थीची प्रार्थना! घरात धाकटीच्या स्थळाची बोलणी चाललीत, माणसं मिरजेची. मिरजेतल्या निम्म्या मंडळीत मावशींची सोयरीक. हे आमेन तिथं पोचायला वेळ कितीसा लागणार? आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा बुधवारी लागू नसते काय?

पाळकसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "रविवारी उभा राहून तूच साक्ष दे. विषय संपला."

मावशी मागंच उभ्या होत्या. "दे की. पण व्यसन सुटलं म्हणून सांग. दूधच हुतं म्हणालास, तर आमच्या प्रार्थनेचं उत्तर कुठलं दावायचं?"