कमी पटाच्या शाळा आणि बचतीचा फसवा हिशेब

‘वीसपेक्षा कमी पट असलेल्या जिल्हा परिषद शाळा म्हणजे सरकारी पैशाची नासाडी. बारा मुलांसाठी दोन शिक्षकांना लठ्ठ पगार देण्यापेक्षा त्याच पैशात ती मुले खासगी शाळेत शिकतील. तसेही या शाळांत गुणवत्ता उरलेली नाही, तेव्हा त्या बंद करून मुलांना मोठ्या शाळेत न्यावे.’ अशा आशयाचा मजकूर गेली काही वर्षे थोड्याफार फरकाने फिरत असतो आणि शिकलेसवरलेले लोकही तो मान डोलावून पुढे पाठवतात. त्यातले प्रत्येक विधान सुटे करून तपासले, तर निष्कर्ष इतका सरळ राहत नाही.

आधी नासाडीचा मुद्दा. शिक्षण विभागाच्या २०२३ मधल्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात वीसपर्यंत पट असलेल्या शाळा १४ हजारांहून अधिक होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. म्हणजे सरासरी शाळेमागे बारा-तेरा मुले. अशा ठिकाणी विद्यार्थ्यामागचा खर्च जास्त दिसणारच, आणि तो दिसतो हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याचे कारण शाळेचा कारभार नसून वस्तीची विखुरलेली रचना आहे. दोन शिक्षक ही चैनही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असला तरी दोन शिक्षक असायला हवेत, कारण मुले बारा असली तरी इयत्ता चार किंवा पाच असतात. (२०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, निकषांनी नेमक्या याच दुसऱ्या पदावर गदा आणली, आणि वाद पेटला तोही त्यावरूनच.)

शाळा बंद केल्याने वाचते काय, हा प्रश्न तर हा मजकूर पुढे पाठवणारे विचारतच नाहीत. नियमित शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते आणि त्याचा पगार चालूच राहतो. पद कायमचे रद्द होईपर्यंत त्या खात्यात काहीच वाचत नाही. उरते ते समग्र शिक्षा अभियानातले संयुक्त शाळा अनुदान. तीसपर्यंत पटाच्या शाळेसाठी ते वर्षाला १०,००० रुपये ठरलेले आहे, म्हणजे महिन्याला ८३३ रुपये, आणि त्यातच वीजबिल, खडू, स्वच्छता व किरकोळ दुरुस्ती भागवायची असते. शाळा बंद करून हे दहा हजार वाचवायचे आणि मुलांना ने-आण करण्यासाठी वर्षभर वाहन लावायचे, याला बचत म्हणणे कठीण आहे. लठ्ठ पगाराबद्दल एवढेच सांगायला हवे की नवा प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक असतो आणि त्याचे मानधन २०२३ मध्ये वाढून १६,००० रुपये झाले. त्याआधी ते ६,००० होते.

खासगी शाळेचा पर्याय कागदावर स्वस्त पडतो, हे मान्य करावे लागेल. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी शासन मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये या दराने शुल्क प्रतिपूर्ती ठरवते. बारा मुलांचे होतात सव्वादोन लाखांच्या आत. पण खासगी शाळा शुल्क भरू शकणारे पालक असतील तिथेच निघते; डोंगरातल्या बारा मुलांच्या पाड्यावर ती काढायला कोणी येत नाही. शिवाय प्रतिपूर्ती वेळेवर मिळत नाही, ही संस्थाचालकांची जुनीच तक्रार आहे.

गुणवत्तेचा मुद्दा अधिक काळजीने पाहायला हवा, कारण इथे आकडे खरे असूनही दिशाभूल करू शकतात. चौथीत चार मुले असतील, तर एकाला वाचता न येणे म्हणजे वर्गाचा निकाल पंचवीस टक्क्यांनी घसरणे. पुढच्या वर्षी दोन चुणचुणीत मुले आली की तीच शाळा ‘शंभर टक्के प्रगत’ ठरते. दोन्ही वेळा शिक्षक तोच आणि शिकवणेही तेच असते. लहान शाळा यादीच्या तळाशी वारंवार सापडतात, तशा त्या अगदी वरच्या टोकालाही सापडतात. ओरड मात्र तळाची होते. म्हणूनच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये मिळालेला ग्लोबल टीचर हा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मी पुरावा म्हणून वापरणार नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेचे उदाहरण तर बोलके आहे. २०१६-१७ पासून ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला घेतली जाऊ लागली. जिल्हा परिषदेच्या असंख्य लहान शाळा चौथीपर्यंतच असल्याने त्यांची मुले त्या शाळांच्या नावाने परीक्षेला बसणेच थांबले, आणि मग ‘जिल्हा परिषदेची मुले शिष्यवृत्तीत दिसत नाहीत’ असा शेरा मारला गेला. त्यात भर अशी, की ऐपत असलेले पालक आधीच मुले काढून नेतात आणि ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर अनेक मुले आईबापांबरोबर फडावर जातात. कायद्याने शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण एवढीच अशैक्षणिक कामे देता येतात. तरी बैठका आणि ऑनलाइन माहिती भरणे संपत नाही. मोठ्या शाळेत अशा कामाला एक शिक्षक गेला तर एक वर्ग अडतो. द्विशिक्षकी शाळेत निम्मी शाळाच अडते.

राहिला मोठ्या शाळेचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव. २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणे देऊन तो मांडला गेला. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा आणि बरोबरीची मुले मिळतात, हा त्यातला खरा आणि वजनदार भाग आहे. तीन मुलांच्या शाळेत खो-खोसुद्धा होत नाही. जवळजवळच्या दोन शाळांचे पट दहा-दहा असतील आणि मधे ओढा, घाट किंवा महामार्ग नसेल, तर त्या एकत्र करण्यास विरोध करण्याचे कारण नाही. परंतु राज्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत कोयनेचे पाणी ओलांडून शाळेत जात होत्या, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. अंतर वाढले की पहिली गळती मुलींची होते, आणि त्या गळतीचा खर्च कोणत्याही बचतीच्या तक्त्यात धरला जात नाही. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांचे समायोजन, म्हणजे त्या बंद करून मुलांना जवळच्या शाळेत नेणे, जाहीर झाले, तेव्हाही वादाचा मोठा भाग अंतर कसे मोजले यावरच होता. म्हणून अशी कोणतीही यादी अंतिम करण्याआधी आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना सोबत घेऊन मुलांच्या वाटेने, तेही जुलै-ऑगस्टमध्ये, पायी जाऊन अंतराची नोंद करावी आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.