तिसऱ्या पिनेशी तुमचं काय वाकडं आहे?

टॉप, म्हणजे तीन पिनांचा प्लग, बोर्डात बसत नाही म्हणून पकडीने वरची जाड पिन कापून टाकायची आणि "आता बसतंय बघा" म्हणत हात झटकायचे. फ्रिज असो, मिक्सर असो, कूलर असो. हे बघितलं की तळपायाची आग मस्तकात जाते. ती पिन शोभेला दिलेली नाही! ती लांब आहे, कारण प्लग घालताना अर्थ, म्हणजे बिघाडाचा करंट जमिनीत नेणारा जोड, सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा. ती जाड आहे, कारण चुकून फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरच्या, भोकात जाऊ नये. शटरवाल्या बऱ्याच सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवरची झडप तीच सरकवते.

लोखंडी पत्र्याच्या कूलरमध्ये पंपाची वायर पाण्यात भिजून सोलवटली की फेज थेट बॉडीला येतो. अर्थ शाबूत असेल तर तो करंट जमिनीत जायला वाट मिळते. पिन कापलेली असेल तर 230 व्होल्ट त्या पत्र्यावर तसेच बसून राहतात, कूलर मस्त चालतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून पाणी भरणारा माणूस ती वाट बनतो. विदर्भ-मराठवाड्यात दर उन्हाळ्यात अशी माणसं जातात. आणि आपण म्हणतो, "शॉक लागून गेला." शॉक का लागला, हे कोणी विचारत नाही.

यापेक्षा भयंकर प्रकार म्हणजे सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवरून, वायरचा तुकडा टाकून अर्थच्या स्क्रूला जोडणं. अर्थची वायर ओढायचे कष्ट वाचवायला केलेला हा शुद्ध खुनी उद्योग आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला किंवा लूज झाला, की चालू उपकरणातून फिरून आलेला फेज त्या तुकड्यावरून बॉडीला पोचतो. मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना! टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला तरी तो लख्ख पेटतो, म्हणजे तपासणीतही फसवणूक. मेन बंद करून, सॉकेट उघडून बघितल्याशिवाय हे कळत नाही. वायरमनकडून घरातलं एकेक सॉकेट उघडून घ्या. अर्थच्या स्क्रूला हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर दिसली पाहिजे, ती बोर्डातून पुढे अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेलेली पाहिजे, आणि समोरून बघताना फेज उजवीकडे हवा.

"आमच्याकडे एमसीबी आहे" (म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) हे उत्तर तर ऐकवत नाही. एमसीबी वायरिंग वाचवतो, माणूस नाही. खड्डा कोरडा पडून अर्थचा रेझिस्टन्स 50 ओहमवर गेला, तर बिघाडाचा करंट जेमतेम साडेचार अँपिअर होतो. त्यावर सहा अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलत नाही. माणसाला वाचवतो तो 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट भलतीकडे गळाला की वीज तोडणारं यंत्र. अर्थ जोडलेला असेल तर बॉडीला फेज लागताक्षणीच तो पडतो. अर्थ नसेल तर करंट तुमच्या अंगातून जायला लागल्यावर. पिन कापणाऱ्यांनी हा फरक नीट वाचावा. आणि तो सारखा पडतो म्हणून बायपास करून देणाऱ्यांना काय म्हणावं? कुठेतरी गळती आहे किंवा वर सांगितलेला तो तुकडा आहे, म्हणून पडतोय ना! ते शोधायचं सोडून पहारेकऱ्यालाच हाकलता?

टू पिन चार्जर बसवायला अर्थच्या भोकात रिफिल खुपसून शटर उघडतात, तेही घरातल्या लहान पोरांसमोर. ते पोर उद्या तेच करणार, आणि त्याच्या हातात रिफिल नसेल, खिळा असेल.

गिझरचा सोळा अँपिअरचा टॉप काढून सहाचा लावणं हा आणखी एक नेहमीचा गुन्हा. 2000 वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. सहाच्या सॉकेटच्या पत्त्या तापतात, ढिल्या होतात, ढिल्या झाल्या की आणखी तापतात. त्या सर्किटला दहाचा किंवा सोळाचा एमसीबी असला तर तो पडतही नाही, कारण त्याच्या हिशेबाने करंट ठीकच असतो. प्लॅस्टिक पिवळं पडलं, जळका वास आला, प्लग काढताना पिना चटका देतात, तर ते सॉकेट त्याच दिवशी बदला. टॉपच्या पिनांमधली फट रुंदावून त्या फाकवल्या की काही दिवस घट्ट बसतात, दुखणं तिथेच राहतं.

टॉप बदलताना अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे टॉपची केबल ओढली गेली तर ती शेवटी सुटेल. टॉपच्या आतली पट्टी केबलच्या बाहेरच्या जाड आवरणावर आवळा, सुट्या रंगीत वायरींवर नाही. तारा स्क्रूत बसत नाहीत म्हणून त्यातल्या निम्म्या कापू नका, पिळून घाला. आणि वीस रुपयांच्या फरकासाठी बिनमार्काचा टॉप उचलू नका. त्यावर आयएसआयची खूण, आयएस 1293 हा आकडा आणि परवाना क्रमांक आहे का बघा. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा की खोटा तेही तपासता येतं.

आत्ता उठा आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा. वीज चालू असताना तो पडला नाही, तर तो निव्वळ एक स्विच आहे. आजच बदलून घ्या.