आदिवासी बायकांसाठी वाचनालय काढताय? मग हे वाचाच

आधी अभिनंदन. आदिवासी बायकांचं सक्षमीकरण करावं असं तुमच्या मनात आलं हेच खूप झालं, आता फक्त त्यांना काही विचारायला जाऊ नका, उगाच काम लांबतं.

जगात ९० देशांत मिळून साधारण ४७ कोटी ६० लाख आदिवासी आहेत म्हणे, पण आपल्याला काय, फोटोपुरत्या २५ बायका मिळाल्या की झालं. उद्घाटन ९ ऑगस्टलाच ठेवा, जागतिक आदिवासी दिन असतो, १० तारखेला कुणी ढुंकून बघत नाही.

वाचनालयाची वेळ ११ ते ५. बायका तेव्हा शेतात नाहीतर रानात असतात हे खरंय, पण म्हणून तर पुस्तकं नवीकोरी राहतात ना! कपाट काचेचं घ्या, कुलूप दणकट घ्या आणि किल्ली अशा माणसाकडे द्या जो कायम बाहेरगावी असतो. पुस्तकं वापरण्यासाठी असतात हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम रंगनाथन १९३१ मध्येच लिहून गेले, पण त्यांना कुठं आपलं स्टॉक रजिस्टर भरायचं होतं. पुस्तकं त्यांच्या भाषेत हवीत असं कुणी म्हणालं तर सांगा की युनोचं आदिवासी भाषांचं दशक २०३२ पर्यंत आहे, घाई काय आहे? आणि म्हाताऱ्यांना येणारी गाणी, झाडपाल्याची माहिती पोरींकडून लिहून घेऊ असं सुचवणाऱ्याला पुढच्या मीटिंगला बोलवूच नका.

आता धंदा. शिलाई मशीनं वाटा, सगळे तेच वाटतात. २० मशीनं आणि कपडे शिवून घेणारं गिऱ्हाईक एकही नाही असं झालं तर तो मार्केटचा दोष. नेपाळमध्ये रीड नावाच्या संस्थेनं १९९१ पासून वाचनालयाला जोडूनच गावचा एखादा धंदा सुरू करायचा आणि त्याच्या कमाईतून वाचनालयाचा खर्च भागवायचा असं चालवलंय. असलं काही मनावर घेऊ नका. वाचनालय स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर पुढच्या वर्षी ग्रँटच्या अर्जात आपण लिहिणार काय?

कर्ज तिच्या नावावर काढा, पैसा नवरा बघेल, हप्ता परत तीच भरेल. जमलं.

फक्त एक गोष्ट चुकूनही करू नका, हिशोब शिकवू नका. कविता शिकवा, स्वच्छता शिकवा, नेतृत्वगुणांवर तीन दिवसांचं शिबिर घ्या, पण हिशोब नको. कारण बाईला एकदा वजनकाटा वाचता आला की ती आधी व्यापाऱ्याला विचारते की ४ किलोचे ३ कसे झाले, मग नवऱ्याला विचारते हप्त्याचे पैसे गेले कुठं, आणि मग (हे मी स्वतः बघितलंय, लई वाईट वाटतं) ती तुमच्याकडे वळते आणि विचारते की साहेब, आमच्या नावानं एकूण आले किती आणि त्यातलं गाडीच्या डिझेलला एवढं कसं काय गेलं. यावर कुठल्याच शिबिरात उत्तर शिकवत नाहीत.

शेवटी पाहुणे येतील तो दिवस. कपाट उघडून ठेवा, धूळ झटका, पोरींच्या हातात एकेक पुस्तक द्या आणि ते उलटं धरलं नाही ना तेवढं बघा. फोटो झाले, गाड्या निघाल्या तरी एखादी पोरगी वाचतच बसलेली असेल, मान वर करत नसेल, तर तिच्या हातातून पुस्तक हळूच काढून घ्या. पाच वाजलेत, कुलूप लावायचंय.