पक्याचं पत्र

काल कट्ट्यावर पक्यानं मोबाइल नाकाला टेकेल इतका जवळ धरला आणि एचआरचा मेल वाचून दाखवला. 'प्रकृतीचा विचार करून आपण स्वतःहून राजीनामा दिल्यास अनुभवाच्या दाखल्यात अडचण येणार नाही.' भाषा इतकी मऊ, की आधी कुणाला रागच आला नाही.

पक्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो. रेटिनाचा आजार. आधी कडेचं दिसेनासं झालं, आता एक्सेलमधले आकडे विरघळतात, असं तोच सांगतो.

"काढूच शकत नाहीत!" अण्णा गरजले. त्यांची अख्खी नोकरी सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत गेली, कलमं तोंडपाठ. "2016 चा दिव्यांग हक्क कायदा, कलम 20, पोटकलम 4. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, पदावनत करायचं नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्या. तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे त्याच्यासाठी जादा तयार केलेल्या पदावर ठेवा, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत."

"अण्णा, पोटकलमाची सुरुवात गाळलीत," मीनल म्हणाली. ती कामगारांच्या केसेस चालवते. "तिथं 'सरकारी आस्थापना' असं लिहिलंय. दिव्यांगांच्या चार टक्के आरक्षणाचंही तेच. पक्याची कंपनी त्यात बसत नाही."

"मग संपला विषय," सुहास म्हणाला. त्याचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे मालकाची बाजू कट्ट्यावर कायम त्याच्याकडे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. हक्क सगळे सरकारी नोकरीत, खासगीत नुसती सहानुभूती.

मीनल मात्र सोडेना. "कलम 3 वाच. अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायचा नाही, असं म्हणताना तिथं 'सरकारी' हा शब्द नाही. आणि भेदभावाची व्याख्या बघ. वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच. पक्यानं पगार वाढवून मागितला नाही, काम कमी करून मागितलं नाही. त्याला पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर हवंय."

"त्याचा खर्च कोण करणार?"

"एनव्हीडीए नावाचं तसं सॉफ्टवेअर फुकट मिळतं," पक्या पहिल्यांदाच बोलला. "घरी वापरतो मी. एक्सेल चालतं त्याच्यावर. ऑफिसच्या मशीनवर टाकायला आयटीवाले परवानगी देत नाहीत, एवढंच." एवढंच! तीन महिने माणूस या एका परवानगीसाठी हेलपाटे घालतोय, आणि निघालं काय, तर राजीनाम्याचं सुचवणं.

सुहासनं मग मला खरा वाटलेला मुद्दा काढला. "एक्सेलचं ठीक आहे रे. पण माझ्या लेथवरच्या माणसाची नजर गेली तर? मी त्याला मशीनवर उभा करू आणि हात गेला की पुन्हा मीच दोषी?"

यावर मीनलनं त्याला खोडून काढलं नाही, हे मला आवडलं. कायद्यालाही ती भीती कळते. सोय 'वाजवी' हवी, मालकावर प्रमाणाबाहेर बोजा पडता कामा नये, असं व्याख्येतच आहे. उद्देश रास्त असेल आणि उपाय त्या प्रमाणात असेल, तर वेगळी वागणूक भेदभाव ठरत नाही. "पण ते तू दाखवून द्यायचं," ती म्हणाली. "लेथ नाही तर तपासणी, स्टोअर, पॅकिंग, काही बघितलंस का? न बघता 'घरी बस' म्हणालास, तर लेथचं कारण टिकणार नाही. तुझ्याकडे माणसं किती?"

"बावीस."

"समान संधी धोरण प्रत्येकालाच करून लावावं लागतं, आणि वीस किंवा जास्त माणसं असली की त्यात तपशीलही जास्त लागतो. 2017 च्या नियमांत आहे. केलंयस?"

सुहासनं असा चेहरा केला, की अण्णासुद्धा हसले. "दंड किती?" त्यानं विचारलंच.

"पहिल्यांदा 10,000 रुपयांपर्यंत. पुन्हा मोडलास तर 50,000 पासून पाच लाखांपर्यंत."

दहा हजार ऐकून सुहास खुलला, आणि मी मनातल्या मनात कायदा करणाऱ्यांवर चिडलो. एवढ्या रकमेला कुठली मोठी कंपनी घाबरणार?

पक्याची अडचण वेगळीच होती. त्याच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर 30 टक्के आहे. एचआरनं तोंडी सांगितलं होतं, 40 च्या खाली काहीच लागू होत नाही. अण्णांनीही मान डोलावली. आरक्षणाच्या फायलींत आयुष्य गेलं की 40 हा आकडा डोक्यात बसतो. पण 40 टक्के म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्व, आणि ते लागतं आरक्षणासारख्या गोष्टींना. 2021 मध्ये परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हा घोळ स्पष्टच निस्तरला: वाजवी सोय मागायला 40 ची अट नाही. मीनलनं हे सांगितलं तेव्हा पक्या बराच वेळ मोबाइलकडे नुसता बघत राहिला.

"राजीनामा देऊ नकोस," ती म्हणाली. "एकदा सही केलीस, की 'स्वखुशीनं गेला' हे त्यांचं पहिलं वाक्य असेल. आधी सोय लेखी माग. तोंडी मागणी कुणी नाकारली हे सिद्ध करणं अवघड जातं. लेखी नाकारली, की राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांना समन्स काढायचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत."

मग तिथंच पत्र लिहायला घेतलं. अण्णांनी 'सविनय विनंती'नं सुरुवात केली, मीनलनं 'सविनय' काढलं, अण्णांनी परत घातलं. त्यावर दहा मिनिटं गेली. शेवटी पक्यानं दोन्ही शब्द उडवले आणि लिहिलं, 'माझ्या संगणकावर स्क्रीन रीडर बसवून मिळावा.'

उत्तराला मुदत किती द्यायची? अण्णा म्हणाले तीस दिवस, मीनल म्हणाली पंधरा.

"सात दे," सुहास म्हणाला. "आम्ही मालक लोक पंधरा दिवसांत विसरतो."

पक्यानं सात टाकलं.